अतिदक्षता विभागातून सुटका, पण पायांत बळ नाही : आयसीयूमधील स्नायुक्षय आणि दौर्बल्याची ओळख

कोलकाता : प्राणांतिक आजारातून वाचलेला रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर येतो तेव्हा नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. फुप्फुसे सुधारलेली असतात, मूत्रपिंडे काम करू लागलेली असतात, रक्ताचे अहवालही समाधानकारक येतात. मात्र रुग्णाला कूस बदलता येत नाही, पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेता येत नाही आणि पलंगाच्या कडेला बसवले तर मान सावरत नाही. मूळ आजार बरा होत असताना किंवा झाल्यावर राहिलेल्या या दुबळेपणाला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. त्याला ‘अतिदक्षता-जन्य दौर्बल्य’ म्हणतात. देशभरातील आयसीयूंमध्ये हे दृश्य नित्याचे असले, तरी रुग्णाच्या कुटुंबाला त्याची पूर्वकल्पना क्वचितच मिळते. त्यामुळे घरी परतल्यावरच्या कित्येक महिन्यांची तयारी झालेली नसते.

पूर्व भारतात गंभीर रुग्णांचा सर्वाधिक ओघ ज्या शहरांकडे असतो, त्यांत कोलकाता अग्रस्थानी आहे. पश्चिम बंगालच्या जिल्ह्यांतून, बिहार-झारखंडमधून, ईशान्येकडील राज्यांतून आणि बांगलादेशातूनही रुग्ण येथे येतात. येथून शेकडो किलोमीटर दूर परतणाऱ्या या रुग्णांच्या बाबतीत प्राण वाचल्यानंतरच्या पुनर्वसनाचा प्रश्न विशेष तीव्र होतो.

आजार कोणता, व्याप्ती किती?

रुग्ण आयसीयूत दाखल झाल्यानंतर हातापायांत सुरू झालेली आणि दोन्ही बाजूंना सारखी असलेली दुर्बलता, जिला गंभीर आजाराखेरीज दुसरे कारण सापडत नाही, ती अतिदक्षता-जन्य दौर्बल्य समजली जाते. तिचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात नसांना इजा होते, दुसऱ्यात थेट स्नायूंना, तर तिसऱ्यात दोन्ही एकत्र आढळतात. प्रत्यक्षात तिसरा प्रकार वारंवार दिसतो.

फ्रान्समधील पाच अतिदक्षता विभागांत झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. सात किंवा अधिक दिवस व्हेंटिलेटरवर राहून शुद्धीवर आलेल्या ९५ रुग्णांची त्यात तपासणी झाली आणि त्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांमध्ये लक्षणीय दौर्बल्य आढळले. २००७ मधील एका आढाव्यात अनेक अभ्यासांतील १,४२१ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा नसा-स्नायूंच्या विकृतीचे प्रमाण ४६ टक्के निघाले. तपासणीची पद्धत आणि रुग्णांची निवड यांनुसार आकडे बदलतात. तरीही दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या दर चार रुग्णांत किमान एकाला हा त्रास होतो, असे मानण्यास आधार आहे.

स्नायू किती वेगाने झिजतात, याचे उत्तर लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दिले. त्यांनी ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची सोनोग्राफीने वारंवार मोजणी केली. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूचा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता. एकापेक्षा अधिक अवयव निकामी झालेल्या रुग्णांमध्ये ही घट एकच अवयव बाधित झालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक होती. केवळ अंथरुणाला खिळल्यानेही स्नायू घटतात. दहा दिवस अंथरुणावर ठेवलेल्या निरोगी ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस कमी झाल्याचे अमेरिकेतील प्रयोगात दिसले होते. गंभीर आजारात या निष्क्रियतेत जंतुसंसर्ग, दाह आणि उपासमार यांची भर पडते.

नोंद जुनी, नाव नवे

दीर्घकाळच्या जंतुसंसर्गात रुग्णाचे मांस झपाट्याने झडते, हे निरीक्षण विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मध्येच नोंदवले होते. तेव्हा अतिदक्षता विभाग ही कल्पना अस्तित्वात नव्हती. ती जन्माला आली १९५२ मध्ये, कोपनहेगनमध्ये आलेल्या पोलिओच्या साथीत. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार गळ्यात नळी घालून हाताने हवा देण्यात आली. त्यासाठी सुमारे दीड हजार वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने फुगा दाबत बसले. अतिदक्षता उपचारांचा आरंभच स्नायूंच्या दौर्बल्याशी लढण्यातून झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईतही पोलिओच्या पार्श्वभूमीवर केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे प्रशिक्षण सुरू झाले. भारतातील फिजिओथेरपीच्या शिक्षणाचा तो पाया समजला जातो.

व्हेंटिलेटर सर्वत्र आले, पूर्वी दगावणारे रुग्ण जगू लागले आणि मग ही नवी व्याधी ठळक झाली. १९७७ मध्ये तीव्र दम्यासाठी स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णात स्नायूंची तीव्र विकृती नोंदवली गेली. १९८४ मध्ये कॅनडातील चेतातज्ज्ञ चार्ल्स बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. व्हेंटिलेटर काढण्याची वेळ आली, तरी या रुग्णांचे हातपाय हलत नव्हते आणि श्वास स्वतःच्या बळावर चालत नव्हता. तपासणीत त्यांच्या नसांचे तंतू झिजल्याचे दिसले. ‘गंभीर आजारातील बहुचेताविकृती’ ही संज्ञा तेथून रूढ झाली.

शरीरात नेमके काय घडते?

स्नायू हे हालचालीचे साधन आहेच. त्याखेरीज तो शरीराचा प्रथिनांचा साठाही आहे. तीव्र जंतुसंसर्ग, मोठी जखम किंवा भाजणे अशा संकटात शरीर या साठ्यावर हात टाकते. स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांतील अमिनो आम्ले रोगप्रतिकारासाठी, जखम भरण्यासाठी आणि यकृतात साखर तयार करण्यासाठी वापरली जातात. त्याच वेळी नवी प्रथिने बनण्याची गती मंदावते. घराच्या भिंतीच्या विटा काढून चुलीसाठी आडोसा करावा आणि नव्या विटा येणे थांबावे, तशी ही स्थिती असते.

दाहामुळे नसांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांनाही इजा होते. नसांना प्राणवायू आणि पोषण कमी पडते, त्यांची विद्युत संदेश वाहण्याची क्षमता घटते आणि पुढे तंतूच झिजू लागतात. स्नायूंचे आवरण विद्युत संकेतांना प्रतिसाद देईनासे होते, पेशींतील ऊर्जानिर्मिती मंदावते आणि आकुंचनासाठी लागणारे मायोसिन हे प्रथिन नष्ट होते. त्यामुळे स्नायूचा आकार जितका घटतो, त्याहून त्याचे बळ अधिक घटलेले असू शकते. वजनाच्या काट्यावर रुग्ण फारसा हलका दिसत नसला, तरी अंगावरील सूजेखाली स्नायू पुष्कळ झिजलेला असतो.

या व्याधीचे एक लक्षण नातेवाइकांना हमखास बुचकळ्यात टाकते. दौर्बल्य हातापायांत, विशेषतः खांदे आणि मांड्यांत जाणवते. चेहऱ्याचे स्नायू मात्र सहसा शाबूत असतात. रुग्ण ओळखतो, हसतो, डोळ्यांनी खुणा करतो, पण हात उचलत नाही. परिणामी ‘मन खचले आहे’, ‘प्रयत्नच करत नाही’ असा त्याच्यावर ठपका येतो. वास्तविक त्याची इच्छा शाबूत असते. ती पार पाडणारी नस आणि स्नायू निकामी झालेले असतात.

श्वासपटलही थकते

हातापायांचे दौर्बल्य डोळ्यांना दिसते. छाती आणि पोट यांच्या मधल्या श्वासपटलाची झीज दिसत नाही, मात्र तिची किंमत मोठी असते. व्हेंटिलेटर श्वासाचे सारे काम करू लागला की हा स्नायू विसावतो आणि झपाट्याने बारीक होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर राहिलेल्या १४ मेंदुमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासण्यात आले. त्यांतील स्नायुतंतूंचा छेद तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून अधिक घटलेला आढळला.

यातून एक दुष्टचक्र सुरू होते. श्वासपटल दुबळे म्हणून व्हेंटिलेटर निघत नाही, व्हेंटिलेटर निघत नाही म्हणून गुंगीची औषधे आणि अंथरूण सुटत नाही, आणि त्यातून दौर्बल्य वाढत जाते. नळी अधिक काळ ठेवावी लागणार असेल, तर गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी केली जाते. २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ अभिनेते सौमित्र चटर्जी कोलकात्यातील रुग्णालयात सुमारे ४० दिवस मृत्यूशी झुंजत होते, तेव्हा दैनंदिन वैद्यकीय निवेदनांतून हा शब्द बंगालमधील घराघरांत पोहोचला. १५ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोलकात्यातीलच एक कोविड रुग्ण तब्बल ३८ दिवस व्हेंटिलेटरवर राहून घरी परतल्याचे वृत्त देशभर गाजले होते. वृत्तांत व्हेंटिलेटरच्या दिवसांची संख्या ठळक छापली जाते. त्यानंतर स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास लागणारा काळ बातमीत सहसा येत नाही.

धोका कोणाला अधिक?

रक्तातील जंतुसंसर्ग, एकाच वेळी अनेक अवयव निकामी होणे, दीर्घकाळ व्हेंटिलेटर, दीर्घकाळ निश्चलता आणि रक्तातील साखर वाढणे हे प्रमुख धोके आहेत. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्ये प्रमाण अधिक आढळते. स्टेरॉइड आणि स्नायू शिथिल करणारी औषधे यांचाही संबंध दाखवला गेला आहे. अर्थात, अनेकदा ही औषधे जीव वाचवण्यासाठी अपरिहार्य असतात. त्यामुळे ती टाळण्यापेक्षा त्यांची मात्रा आणि कालावधी मर्यादित ठेवण्यावर भर दिला जातो.

भारतीयांच्या बाबतीत दोन बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात. पहिली मधुमेहाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दुसरी बाब शरीररचनेची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने भारतीयांची ‘सडपातळ तरी मेदयुक्त’ शरीरयष्टी जगापुढे आणली. समान वजनाच्या युरोपीय व्यक्तीच्या तुलनेत भारतीयांत स्नायू कमी आणि चरबी अधिक असते, आणि हा फरक जन्मापासूनच दिसतो. ज्याचा साठा मुळात तोकडा, त्याला वीस टक्क्यांची घट अधिक जाचणार, हे उघड आहे.

बालकेही याला अपवाद नाहीत. २०२३ च्या आरंभी अडेनोविषाणूच्या प्रादुर्भावात कोलकात्यातील बालरुग्णालयांचे अतिदक्षता विभाग ओसंडून वाहत होते. वाढीच्या वयातील मुलांच्या स्नायुबळाकडे आजारानंतर तितकेच लक्ष देण्याची गरज असते.

निदान कसे होते?

निदानाची मुख्य पद्धत साधी आहे आणि तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. रुग्ण शुद्धीवर असून साध्या सूचना पाळू शकत असेल, तर खांदा, कोपर, मनगट, नितंब, गुडघा आणि घोटा या सहा ठिकाणच्या हालचाली दोन्ही बाजूंना तपासतात. प्रत्येक हालचालीला शून्य ते पाच गुण दिले जातात. हालचाल अजिबात नसेल तर शून्य, पूर्ण ताकद असेल तर पाच. एकूण ६० पैकी ४८ पेक्षा कमी गुण म्हणजे अतिदक्षता-जन्य दौर्बल्य, तर ३६ पेक्षा कमी गुण म्हणजे तीव्र दौर्बल्य. हाताच्या पकडीचे बळ मोजणारे छोटे उपकरणही उपयोगी पडते. पुरुषांत ११ किलोपेक्षा आणि स्त्रियांत ७ किलोपेक्षा कमी पकड धोक्याची सूचना देते. गरजेनुसार नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी, तसेच सोनोग्राफी केली जाते.

मात्र प्रत्येक दौर्बल्य या सदरात मोडत नाही, आणि हा फरक ओळखणे जीवन-मरणाचे ठरू शकते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड परिसरात पसरलेल्या गिया-बारे सिंड्रोमच्या प्रादुर्भावात २०० हून अधिक संशयित रुग्ण आढळले. त्यांतील काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. त्या व्याधीत दौर्बल्य आधी येते आणि त्यामुळे रुग्ण आयसीयूत पोहोचतो. अतिदक्षता-जन्य दौर्बल्यात रुग्ण अन्य कारणाने आयसीयूत येतो आणि दौर्बल्य नंतर उद्भवते. गिया-बारेवर इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे हे परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. अतिदक्षता-जन्य दौर्बल्यावर असे थेट औषध नाही. ग्रामीण भारतात कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर एक ते चार दिवसांनी मान आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडण्याचा प्रकारही डॉक्टरांना ध्यानात ठेवावा लागतो. रक्तातील पोटॅशियम किंवा फॉस्फेट घटले, तरी रुग्ण गळून जातो आणि ते वेळीच भरून काढता येते.

उपाय : आशा आणि मर्यादा

एकच रामबाण औषध नसल्याने भर प्रतिबंधावर आहे. जंतुसंसर्गावर लवकर आणि नेमके उपचार हे त्यातील पहिले पाऊल. दुसरे, गुंगीच्या औषधांवर नियंत्रण. शिकागो येथील २००० सालच्या अभ्यासात दररोज ठरावीक वेळी गुंगीचे औषध थांबवून रुग्णाला जागे केल्याने व्हेंटिलेटरचा कालावधी ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आल्याचे दिसले होते. जागा असलेला रुग्ण हातपाय हलवू शकतो, श्वासाचा काही भार स्वतः उचलू शकतो.

तिसरे पाऊल लवकर हालचालीचे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत व्हेंटिलेटरवर असतानाच व्यायाम सुरू केलेल्या गटातील ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून बाहेर पडताना दैनंदिन व्यवहारांत स्वावलंबी होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. या निष्कर्षाने जगभरातील आयसीयूंची कार्यपद्धती बदलली.

तथापि, ‘जितके लवकर आणि जितके अधिक, तितके चांगले’ हे गृहीतक पुढे टिकले नाही. २०२२ मध्ये सहा देशांतील ७५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या पातळीहून अधिक तीव्र हालचाल देण्याचा प्रयत्न झाला. रुग्णालयाबाहेर जिवंत राहिलेल्या दिवसांत त्यामुळे वाढ झाली नाही. उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब किंवा प्राणवायू घसरणे असे प्रतिकूल प्रकार तीव्र हालचालीच्या गटात ९.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ४.१ टक्के रुग्णांत घडले. तुलनेच्या गटालाही बऱ्यापैकी व्यायाम मिळत होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. म्हणून या निकालाचा अर्थ रुग्णाला निश्चल पडू द्यावे, असा होत नाही. त्याची स्थिती पाहून पायरीपायरीने, प्रशिक्षित देखरेखीखाली हालचाल वाढवावी, हा त्याचा बोध आहे. प्रारंभी सांधे हलवणे, मग पलंगावर टेकून बसवणे, पाय खाली सोडून बसणे, आधाराने उभे राहणे आणि शेवटी पावले टाकणे असा हा क्रम असतो.

साखरेच्या नियंत्रणाचीही अशीच कथा आहे. साखर काटेकोर खाली ठेवल्यास नसांची विकृती घटते, असे बेल्जियममधील संशोधनातून दिसले. परंतु ६,१०४ रुग्णांच्या २००९ मधील आंतरराष्ट्रीय चाचणीत अतिकडक नियंत्रणाने मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे आढळले. त्यामुळे आता साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या आत साखर ठेवण्याचा मध्यममार्ग स्वीकारला जातो.

केवळ अन्न पुरेसे नाही

स्नायू झडतात म्हणून भरपूर प्रथिने द्यावीत, असे कोणालाही वाटेल. गंभीर आजाराच्या पहिल्या दिवसांत मात्र शरीर त्यांचा उपयोग करण्याच्या स्थितीत नसते. बेल्जियममधील ४,६४० रुग्णांच्या चाचणीत शिरेतून पूर्ण पोषण पहिल्या दोन दिवसांत देण्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबणे हितकारक ठरले आणि उशिराच्या गटात दौर्बल्यही कमी दिसले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३०१ रुग्णांच्या चाचणीतही प्रथिनांची मात्रा बरीच वाढवल्याने रुग्ण लवकर घरी जाण्यास मदत झाली नाही. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार गंभीर आजारात दर किलो वजनामागे दररोज १.३ ग्रॅम प्रथिनांपर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचणे इष्ट समजले जाते.

धोका ओसरल्यावर चित्र पालटते. झीज थांबून भरण सुरू होण्याच्या या काळात प्रथिने आणि व्यायाम यांची जोड आवश्यक असते. नेमका याच टप्प्यावर आपल्याकडे ‘पचायला हलके’ म्हणून रुग्णाला आठवडेच्या आठवडे तांदळाची पेज, साबुदाण्याची लापशी आणि फळांचा रस यांवर ठेवले जाते. त्यातून प्रथिने अत्यल्प मिळतात. मूत्रपिंडाचा आजार नसल्यास आणि गिळण्यास अडचण नसल्याची खात्री झाल्यावर डाळ, दूध, दही, अंडी, मासे, मोड आलेली कडधान्ये यांचा समावेश आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने वाढवता येतो. बराच काळ नळी राहिलेल्या रुग्णाचे गिळणेही दुबळे झालेले असते. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून ही खात्री महत्त्वाची आहे.

घरी परतल्यावरची लढाई

कॅनडातील डॉ. मार्गारेट हेरिज आणि सहकाऱ्यांनी तीव्र श्वसनविकारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा पाठपुरावा केला. आयसीयूतून बाहेर पडताना त्यांचे वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटले होते. वर्षभरानंतर सहा मिनिटांत चालता येणारे अंतर अपेक्षेच्या दोनतृतीयांश इतकेच होते आणि जेमतेम निम्मे लोक कामावर परतले होते. पाच वर्षांनंतरही हे अंतर अपेक्षेच्या ७६ टक्क्यांवर थांबलेले होते. या रुग्णांची फुप्फुसे मात्र बव्हंशी पूर्ववत झाली होती. स्नायूंची विकृती नसांच्या विकृतीपेक्षा लवकर सुधारते. सौम्य रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. तीव्र रुग्णांना महिने, क्वचित वर्षे लागतात.

शारीरिक दौर्बल्यासोबत स्मरणशक्ती मंदावणे, झोप उडणे, भयस्वप्ने, नैराश्य हेही येते. या समुच्चयाला ‘अतिदक्षता-पश्चात लक्षणसमूह’ असे नाव २०१२ मध्ये मिळाले. दिवसरात्र सेवा करणाऱ्या कुटुंबीयांच्या मनावर होणारा परिणामही त्यात मोजला जातो.

पुनर्वसनाच्या सोयी कोलकात्यात आहेत. एसएसकेएम रुग्णालयात भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाचा विभाग आहे. बोनहुगली येथे १९७८ पासून कार्यरत असलेली अस्थिव्यंग-चलनवलन क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था १९५० च्या दशकापासून हेच काम करते. परंतु सुंदरबनातील बेटावर किंवा पुरुलियातील खेड्यात परतलेल्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा शहरात आणणे कुटुंबाला झेपत नाही. नागपुरात उपचार घेऊन गडचिरोलीला जाणाऱ्या किंवा मुंबईहून कोकणात परतणाऱ्या रुग्णाची अडचण निराळी नाही. मग घरच्या सुना-मुलींवर, शहरात आयांवर किंवा मावशींवर सारी भिस्त राहते. त्यांना कूस कशी बदलावी, शय्याव्रण कसे टाळावेत, उभे करताना कोठे आधार द्यावा, हे कोणीतरी शिकवणे आवश्यक असते.

खर्चाचे गणितही येथेच बिघडते. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा खर्च समाविष्ट आहे. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित विमा पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे. दौर्बल्य भरून येण्यास लागणारा काळ याहून बराच मोठा असतो. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे शुल्क विम्यात बसते की नाही, हे पॉलिसीच्या अटी वाचूनच ठरवावे लागते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक व्यवसायांना नियमनाची चौकट दिली असली, तरी तालुका पातळीवर प्रशिक्षित हात पोहोचवण्याचे काम त्यानंतरचे आहे.

नातेवाइकांनी काय विचारावे?

रुग्ण आयसीयूत असतानाच काही प्रश्न विचारता येतात. गुंगीची औषधे दररोज कमी करून पाहिली जातात का? फिजिओथेरपिस्ट दिवसातून किती वेळा येतात? रुग्णाला पलंगावर बसवणे कधी शक्य होईल? भेटीच्या वेळी आपण त्याची बोटे, मनगट, घोटा हलवू शकतो का? परवानगी मिळाल्यास ही छोटी हालचाल, ओळखीचा आवाज, चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ असणे यांचाही उपयोग होतो.

सुट्टी मिळताना स्नायुबळाचे गुण कागदावर लिहून घ्यावेत, म्हणजे पुढची प्रगती मोजता येते. व्यायामांचा लेखी तक्ता, आहाराचा सल्ला, गिळण्याची तपासणी आणि पुढील भेटीची तारीख मागून घ्यावी. घरी परतल्यावर श्वास लागणे, ताप, एका पायाला सूज येणे, घास गिळताना ठसका लागणे किंवा दौर्बल्य एकाच बाजूला वाढणे यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. प्रगती मंद असली, तरी ती मोजण्यासारखी असते : या आठवड्यात आधाराने बसणे, पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे उभे राहणे, त्यानंतर न्हाणीघरापर्यंत चालणे. या प्रत्येक पायरीची वहीत तारखेसह नोंद ठेवली, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला व्यायामाचे प्रमाण ठरवणे सोपे जाते.